श्रुतलेखन

गल्लीच्या तोंडाशी कुणी पेटीकाकांचं घर विचारलं, तर लोक बोट दाखवत बसत नसत. म्हणत, चालत राहा, आणि लाकडी मोगरीचा ठोका थेट टाळक्यात बसला की थांबा. तेच घर.

घर म्हणजे एकच लांबट खोली. मधे पडदा, पडद्याच्या पुढे दुकान, मागे संसार. पुढे भिंतीला टेकवून ठेवलेले पत्र्याचे ताव, ऐरण, कात्र्या, बिजागऱ्यांचा डबा, आणि तयार पेट्यांची छताला लागलेली चळत. मागे शेगडी, भांडी, गुंडाळून ठेवलेली अंथरुणं, काकांची बायको आणि दोन मुली. काका सकाळी ऐरणीपुढे मांडी ठोकत ते दिवेलागणीला उठत. पत्रा कापायचा, कडा दुमडायच्या, दुमडलेली कड मोगरीनं ठोकत ठोकत बसवायची, कोपरे वळवायचे, कडी-कोयंडा लावायचा. कोपरा बसवताना आवाज सगळ्यात वाईट. रिकाम्या पेटीत ठोका घुमतो आणि दुपटीनं बाहेर येतो.

गल्लीत सगळीच पत्र्याची कामं. समोर पातेली ठोकणारा म्हातारा, शेजारी कूलरचे सांगाडे बनवणारे दोघे भाऊ. गल्लीत बोलायचं ते ओरडूनच. बाहेरचा माणूस आला की त्याला वाटे, इथे सगळ्यांचीच भांडणं चालू आहेत. खरं भांडण झालं की उलट लोक हळू बोलत, कारण तेव्हा शब्द ऐकवायचे नसत, नुसते डोळे वटारायचे असत. काकांची बायको म्हणे, आमच्या ह्यांना लग्नात मी हो म्हणाले ते ऐकूच गेलं नाही, अजून विचारतात, तुला पसंत होतो ना मी?

थोरली मुलगी या आवाजातच जन्मली. पाळण्यात ठोके चालू असताना झोपे आणि काकांनी हात थांबवला की दचकून उठे. याचं सगळ्यांना कौतुक. लवकर बोलायला लागली, शाळेत जायच्या आधीच दुकानांच्या पाट्या वाचायला लागली. पहिली-दुसरीतल्या बाई तिला उभं करून धडा वाचायला लावत आणि म्हणत, असं वाचा. काका शिकलेले नव्हते. सही येत होती, अक्षरं जुळवून जुळवून वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत होता, इतकंच. वसतिगृहात शिकायला निघालेल्या मुलांचे आईबाप त्यांच्याकडे पेट्या घ्यायला येत. पेटीच्या झाकणावर पोराचं नाव रंगवून द्या म्हणत. काका नाव रंगवून घेत ते थोरलीकडून. ब्रश धरून ती जमिनीवर पोट टेकवून पडायची आणि परक्या मुलांची नावं सुबक अक्षरात काढायची.

पडद्यामागे बसून ती अभ्यास करी. कुणी म्हटलं की एवढ्या कलकलाटात पोरगी अभ्यास कशी करते, तर काका हसत. सवय झाली की ऐकूच येत नाही, असं म्हणत.

पाचवीनंतर कुठेतरी घसरण सुरू झाली. आधी निरोप आला, मुलीचं लक्ष नसतं. मग आला, विचारलं एक की सांगते भलतंच. एकदा गुरुजींनी विचारलं होतं, पृथ्वी कशाभोवती फिरते, आणि हिनं उभं राहून पुढच्या आठवड्यातल्या सहलीबद्दल काहीतरी उत्तर दिलं. वर्ग पोट धरून हसला. त्यानंतर ती उठायचीच बंद झाली. विचारलं की खाली बघायची. खाली बघणाऱ्या मुलाला शाळेत एक नाव असतं, ते तिलाही मिळालं. मठ्ठ.

त्या शाळेत सातवीत तुकड्या पाडत. गुणांप्रमाणे अ, ब, क आणि ड. ड तुकडीची खोली इमारतीच्या टोकाला, पाण्याच्या मोटारीच्या शेजारी. मोटार चालू झाली की भिंत थरथरे. त्या वर्गात हातगाडीवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, ओझी उचलणाऱ्यांची मुलं होती. गरिबांना ड मध्ये घाला असा काही कुणी हुकूम काढला नव्हता. गुणच तसे पडत. पण इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जाणाऱ्या एकाही बापाचं मूल त्या खोलीत नव्हतं, आणि याचं नवल कुणालाच वाटत नव्हतं. थोरली ड मध्ये गेली.

काका धुतलेले कपडे घालून मुख्याध्यापकांना भेटायला गेले. मुख्याध्यापक सौम्य बोलणारे गृहस्थ. त्यांनी बसायला खुर्ची दिली. काही मुलांना शिक्षण झेपतं, काहींना झेपत नाही, त्यात कमीपणा काही नाही, असं समजावलं. मग विचारलं, घरी अभ्यासाचं वातावरण आहे का? काकांनी खरं ते सांगितलं. मुख्याध्यापकांनी मान हलवली. तेच असतं बघा, म्हणाले.

ते वाक्य काकांच्या मनाला लागलं. वातावरण म्हणजे नेमकं काय ते त्यांना कळलं नाही, पण ते आपल्याकडे नाही आणि आणलं पाहिजे, एवढं कळलं. त्यांनी उरलेल्या पत्र्याचं छोटं टेबल बनवलं, कडा गोल करून, हात कापू नये म्हणून. पडद्याच्या जागी अर्ध्या उंचीची फळी उभी केली. दिवा बदलला. थोरली टेबलाशी बसायला लागली आणि गुण होते तिथेच राहिले. मग काकांचा धीर सुटला. एका दुपारी त्यांनी ऐरणीपुढे बसल्या बसल्या तिच्याकडे कात्री मागितली. पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा ओरडले. पोरगी पुस्तकातून मान वर करीना. ते उठले, फळीपलीकडे गेले आणि तिच्या कानशिलात लगावली.

तिनं वर बघितलं. रडली नाही, रागावली नाही. आभाळातून काहीतरी पडावं तशी नुसती बघत राहिली. त्या नजरेत उद्धटपणा नव्हता हे काकांना त्याच क्षणी जाणवलं, पण मग काय होतं ते काही समजलं नाही.

समजलं ते समोरचा पातेलीवाला म्हातारा गेला तेव्हा. गल्लीनं त्या दिवशी काम बंद ठेवलं. कुणाच्या आठवणीत नव्हती इतकी शांतता पसरली. थोरली दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. आईनं मागून हाक मारली. धाकटी पार कोपऱ्यातून ओ देत आली. थोरली निवडतच राहिली. आईनं पुन्हा हाक मारली आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

काका उठून मुलीच्या पाठीमागे उभे राहिले. तिला घरात ठमे म्हणत. ठमे, ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, इतकं की सुतकाच्या घरातली माणसं दारात येऊन बघायला लागली. शेवटी त्यांनी जमिनीवर पाय आपटला. फरशी हादरली तशी ती वळली आणि अगदी सहज म्हणाली, "काय बाबा?"

त्यांनी तिला समोर बसवून विचारलं, तुला ऐकू येत नाही का? तिला प्रश्नाचाच अर्थ लागेना. येतं की, म्हणाली. समोर आलं की येतं. मग जरा घाबरून तिनं आईकडे, बाबांकडे आळीपाळीनं बघितलं.

"सगळे तोंडाकडे बघूनच समजून घेतात ना?"

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेजारचे कूलरवाले भाऊ दारातून विचारून गेले, काय झालं, तर त्यांना उत्तर द्यायलाही कुणी उठलं नाही.

सरकारी इस्पितळात कान तपासायची एक बंद खोली होती. भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, दार दोन पदरी. थोरली आत एकटी जायला घाबरली म्हणून तपासनीस ताईंनी काकांनाही आत बसू दिलं. दार लागलं आणि काका बावरले. इतकी शांतता त्यांना ठाऊकच नव्हती. थोड्या वेळानं त्या शांततेत एक बारीक शिट्टी वाजायला लागली. वाजतच राहिली. बाहेर आल्यावर त्यांनी ताईंना विचारलं, ती शिट्टी मुलीला ऐकू गेली का? ताई म्हणाल्या, शिट्टी कसली, तेव्हा मी यंत्र सुरूच केलं नव्हतं. मग त्यांनी काकांच्या हातांकडे बघितलं, काम काय करता विचारलं, आणि हलक्या आवाजात सांगितलं, ती तुमच्या कानातच वाजतेय. वर्षानुवर्षं वाजत असेल. दुकानात ठोक्यांखाली दबून जाते.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सरळ सांगितलं. ठोक्यांनी कान आतून झिजलेत. गेलं ते परत येत नाही. कानाला लावायचं यंत्र इस्पितळाकडून मिळेल, पण रांग मोठी आहे. आणि जे काही थोडं उरलंय ते टिकवायचं तर मुलीला आवाजापासून लांब ठेवा.

काकांनी विचारलं, "कुठे ठेवू?"

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्यानं तपासणीचा कागद काकांच्या हातात दिला. मग बाहेर ताटकळलेल्यांपैकी पुढच्याला हाक मारली.

त्या दिवसापासून काकांच्या हाताला काहीतरी झालं. मोगरी उचलली की ती पत्र्यावर पडायच्या आधी त्यांची नजर फळीकडे जाई. हात अडखळला की कड वाकडी बसे, आणि वाकडी कड सरळ करायला आणखी ठोकावं लागे. ठोकलं नाही तर घरात चूल पेटायची नाही, ठोकलं तर पोरीचा उरलासुरला कान जायचा. संध्याकाळी त्यांनी काम लवकर थांबवायला सुरुवात केली. हातातली गिऱ्हाइकं शेजारी गेली. आणि शेजारी ठोकणं चालूच होतं, त्यामुळे घरातला आवाज कमी झाला असंही नाही. बायको चिडून म्हणाली, अहो, तुम्ही गप्प बसून गल्ली गप्प बसणार आहे का? हे खरं होतं, म्हणून त्यांना जास्तच झोंबलं. दुसरीकडे खोली बघायला दोघं हिंडली. शांत वस्तीतले घरमालक पत्र्याचं काम म्हटलं की दार लोटून घेत.

कानाचं यंत्र मिळालं, पण फार उशिरा मिळालं आणि फारसं कामाला आलं नाही. गल्लीत ते लावलं की प्रत्येक ठोका कवटीत खिळ्यासारखा शिरे. शाळेत लावलं की मोटारीची घरघर तेवढी मोठी होई आणि शिकवणं तिच्यात बुडून जाई. थोरली ते काढून खिशात ठेवी. पण त्याच वर्षी ड तुकडीवर एक नव्या बाई आल्या. वयानं लहान, आवाजानं त्याहून लहान. त्या वर्गावर कुणी मन लावून शिकवत नाही हे त्यांना बहुतेक कुणी सांगितलं नसावं. काकांनी त्यांना इस्पितळाचा कागद दाखवला. बाईंनी थोरलीला पहिल्या बाकावर आणलं. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही, लिहून झालं की वळायचं आणि मगच बोलायचं, अशी शिस्त स्वतःला लावून घेतली. काही महिन्यांतच थोरलीची मान वर आली. एक दिवस घरी येऊन तिनं आईला सांगितलं, आज मी हात वर केला. आईनं ते गल्लीभर सांगितलं, अर्थात ओरडूनच.

बाई एकदा घरी आल्या आणि त्यांनी सगळं नीट समजावलं. आठवीच्या शेवटी तुकडी बदलण्याची परीक्षा असते. गणित, भाषा आणि श्रुतलेखन. ती पास झाली तर थोरली ब मध्ये जाईल, आणि ब मधून पुढे मोठ्या परीक्षेला बसता येईल. ड मधल्या मुलांना तिथवर नेतच नाहीत. शाळेचा निकाल बिघडतो म्हणून आठवीनंतर गोड बोलून एखादं काम शिकायला पाठवतात. गणित आणि भाषा ही सहज काढेल, बाई म्हणाल्या. राहता राहिलं श्रुतलेखन. ते मी समोर उभी राहून सांगेन, मुख्याध्यापकांच्या कानावर मी घालून ठेवते.

मग घरातल्या सगळ्यांना श्रुतलेखनानं पछाडलं. गल्लीमागे पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या होत्या, तिथे जरा निवांत असे. शाळा सुटली की धाकटी तिथे बाईंच्या थाटात उभी राही आणि तोंड एवढं वासून शब्द सांगे की खालून जाणारी माणसं थांबून हसत. थोरलीची अडचण वेगळीच होती. पाय, बाय आणि माय, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. दिसायला एकच. वाक्य पुढे गेलं की मगच तिला कळे की माणूस पायाबद्दल बोलतोय की मायेबद्दल. म्हणून तिनं एक युक्ती काढली. वाक्य संपेपर्यंत लिहायचंच नाही, पूर्ण बघून घ्यायचं आणि मग झपाट्यानं लिहायचं. धाकटी मुद्दाम घोटाळ्याची वाक्यं बनवून आणी. काका संध्याकाळी येऊन खालच्या पायरीवर बसत. त्यांना त्यातलं निम्मं ऐकू येत नसे आणि ऱ्हस्व-दीर्घ काही कळत नसे, पण पोरीनं लिहून दाखवलं आणि धाकटीनं बरोबर म्हटलं की ते मांडीवर थाप मारत. त्या काही आठवड्यांत ते जितके सुखात होते तितके आधी नव्हते आणि नंतरही झाले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी काका तिला पोचवायला गेले. गणित आणि भाषा आदल्या दोन दिवसांत झाली होती आणि ती खुशीत होती. वर्गाच्या दारात बाई दिसल्या नाहीत. शिपायाला विचारलं तर कळलं, आपापल्या वर्गावर आपापले शिक्षक नकोत असं काल ठरलं, बाईंना पलीकडच्या इमारतीत पाठवलंय. इथे अ तुकडीचे मास्तर येतील. काका व्हरांड्यातून मुख्याध्यापकांच्या खोलीकडे धावले. खोलीला कुलूप होतं, साहेब परीक्षेच्या फेरीवर होते. ते परत वर्गाशी आले तोवर घंटा झाली होती.

मास्तर चांगले होते. खणखणीत आवाजाचे. शब्द तोडून, सावकाश, दोनदा सांगणारे. फक्त त्यांना एका जागी उभं राहून सांगायची सवय नव्हती. हात पाठीशी बांधून ते बाकांमधून चालत, मागच्या भिंतीपर्यंत जात, वळत, पुन्हा येत. थोरली पहिल्या बाकावर होती. मास्तर तिच्या पुढून गेले आणि मागे गेले, आणि वाक्य त्यांच्याबरोबर मागे गेलं.

काका व्हरांड्यातल्या खिडकीशी उभे होते. त्यांनी बघितलं, सगळ्या वर्गाच्या माना खाली झाल्या आणि एकच मान वर राहिली. ती मागे वळली तर मास्तरांनी समोर बघ म्हणून खूण केली. ती समोर बघत बसली. पेन कागदावर टेकलेलं, हलत नव्हतं. दुसरं वाक्यही तसंच गेलं. मग तिची नजर इकडेतिकडे भिरभिरली आणि खिडकीत बापावर येऊन थांबली.

आपण काय करतोय याचा काकांनी विचार केला नाही. त्यांनी गजांना कान लावला, मास्तरांचं वाक्य ऐकलं, तोंड तिच्याकडे वळवलं आणि आवाज न काढता ओठांनी ते सांगितलं. तिनं टक लावून बघितलं आणि लिहिलं. पुन्हा कान, पुन्हा तोंड. ती पुन्हा लिहायला लागली. एकदा तर तिनं मान हलवून पुढचं सांगा म्हटलं. मास्तरांचा आवाज मोठा खरा, पण मधले मधले शब्द त्यांच्या कानातल्या शिट्टीत विरघळून जात. तिथे त्यांना जे सुचलं ते त्यांनी घातलं. थांबता येत नव्हतं. थांबले असते तर ती नजर पुन्हा भिरभिरायला लागली असती.

आधी एक पोरगं फिस्सकन हसलं, मग शेजारचं. मास्तर वळले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत काका, थोरली, मास्तर आणि पलीकडच्या इमारतीतून धावत आलेल्या बाई, सगळे उभे होते. मास्तरांनी पाहिलं ते सांगितलं. बाहेरचा माणूस खिडकीतून उत्तरं सांगत होता, म्हणजे कॉपी. यात खोटं काहीच नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, परीक्षा रद्द करण्याखेरीज इलाज नाही. बाई भराभर बोलायला लागल्या, की मी तुम्हाला सांगितलं होतं सर. मुख्याध्यापकांना काहीतरी सांगितलेलं आठवत होतं, नक्की काय ते आठवत नव्हतं. तेव्हा काकांनी सदऱ्याच्या आतून इस्पितळाचा कागद काढून टेबलावर ठेवला. बाईंनी पाहिलेला तो कागद मुख्याध्यापकांपुढे पहिल्यांदाच येत होता.

मुख्याध्यापकांनी तो वाचला. त्यांचा चेहरा खरोखर मऊ झाला. त्यांनी काकांना बसायला सांगितलं, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, हे आधी कळलं असतं तर हिला इतकी वर्षं त्रास झाला नसता. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. आपल्याकडे तशी सोय नाही. इथे ठेवून आपण तिच्यावर अन्यायच करू.

काकांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंच्या डोळ्यांवरून त्यांना कळलं, ऐकलं ते बरोबरच होतं.

"साहेब," ते म्हणाले, "आजवर म्हणत होता ही शिकू शकत नाही. आज म्हणताय ही ऐकू शकत नाही. काहीतरी एक धरा. दोन्हीकडून तिला बाहेरच का काढता?"

आवाज चढला होता, गल्लीतल्यासारखा. मुख्याध्यापकांनी शिपायाला खुणेनं पाणी आणायला सांगितलं. ते रागावले नाहीत. पाणी प्या, म्हणाले. शाळा सोडल्याचा दाखला ते देणार होते, तोही चांगला शेरा मारून. कॉपीचा उल्लेख करणार नाही, हा आपल्याकडून एवढा तरी उपकार, असं त्यांच्या बोलण्यातून आलं. थोरली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. समोर होते, म्हणून तिला सगळं समजत होतं.

दाखला घ्यायला गेले तेव्हा काकांनी बाईंना व्हरांड्यात गाठून विचारलं, माझ्या सांगण्यानं तिनं लिहिलं ते कसं होतं? बाई टाळत होत्या. ते हलेनात तेव्हा त्यांनी सांगितलं. चुकलं होतं. बहुतेक सगळंच. शब्द भलतेच, वाक्याला वाक्य लागत नव्हतं. आणि पेपर कोरा ठेवला असता तर, काकांनी विचारलं. बाईंनी मान फिरवली. गणित आणि भाषेत तिला इतके चांगले गुण होते की श्रुतलेखनात भोपळा मिळाला असता तरी ती निघाली असती.

हे काकांनी घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोला वाटे, परीक्षेच्या दगदगीनं हे असे झाले. ते जेवत, ठोकत, गिऱ्हाइकाशी बोलत. पण काम करता करता मधेच थांबत आणि ओठ हलवत. बायकोनं विचारलं, काय पुटपुटता? तर काही नाही म्हणत. ती वाक्यं ते पुन्हा पुन्हा जुळवून बघत असत, आपण नेमकं कुठे चुकलो ते शोधत.

वेगळी शाळा दुसऱ्या शहरात होती. काका थोरलीला घेऊन तिथेही गेले. तिथल्या मुली हातांनी बोलत होत्या, भराभर, हसत हसत, आणि थोरली दारात उभी राहून त्या हातांकडे बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं, आम्ही लहानपणापासून घेतो, एवढी मोठी मुलगी नव्यानं बसवायची तर वसतिगृहात जागा हवी, ती या वर्षी नाही. पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी तिचं वय उलटून गेलेलं होतं. ड तुकडीच्या बाई काही दिवस सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांवर येऊन शिकवून गेल्या. मग त्यांची बदली झाली. जाताना त्या रडल्या आणि थोरलीनंच त्यांची समजूत काढली.

धाकटीबद्दल जे ठरलं ते बायकोनं ठरवलं. एका सकाळी तिनं धाकटीचे कपडे काढून घडी करायला घेतले. तिची बहीण बागायतीच्या बाजूला राहत होती, आजूबाजूला कारखाना नाही, दुकान नाही. धाकटी तिथे राहील आणि तिथल्याच शाळेत जाईल. काका म्हणाले, इतकी लहान पोर आईशिवाय कशी राहील? बायको घडी घालतच म्हणाली, "आईशिवाय राहील. कानांशिवाय राहून काय होतं ते बघितलंत ना?" धाकटी मावशीच्या हाताला हिसके देत गल्लीच्या तोंडापर्यंत रडत गेली. ठोके चालू होते, त्यामुळे ते रडणं घरात फार वेळ ऐकू आलं नाही.

थोरलीला खोक्यांच्या कारखान्यात काम मिळालं. पुठ्ठा कापून, दाबून त्याची खोकी बनवायची. तिथे दाबायचं एक मोठं यंत्र होतं, त्याच्याजवळ कुणी उभं राहायला तयार नसे, आवाजानं डोकं उठे. मुकादमाला हिची हकीगत कळली तशी त्यानं हिला नेमकी तिथेच लावली. हिला काय त्रास, म्हणाला. आजूबाजूच्या बायकांनाही ते पटलं. उलट बरं झालं पोरी, म्हणाल्या, देवानं तुझी सोय केली.

काकांना हे कळलं तेव्हा ते हातातलं काम टाकून कारखान्यात गेले. मुकादमाला त्यांनी हात जोडून सांगितलं, थोडंसं उरलंय तिच्या कानात, ते तरी राहू दे, तिला दुसरीकडे बसवा. मुकादमानं सगळं ऐकून घेतलं. उद्याच बदलतो, म्हणाला. चहा दिला. काका खूप आभार मानून घरी आले. दुसऱ्या दिवशी थोरली त्याच यंत्राशी उभी राहिली आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. काका पुन्हा निघाले तेव्हा ती दारात आडवी आली.

"बाबा, आता कुणाकडे काही मागायला जाऊ नका."

ते म्हणाले, मी नीट सांगतो त्याला, त्या दिवशी कदाचित त्याच्या लक्षात आलं नसेल. ती म्हणाली, त्याच्या सगळं लक्षात आलंय. तुम्ही गेल्यावर त्यानं बायकांना तुमची नक्कल करून दाखवली. हात कसे जोडले, मान कशी वाकवली. मला ऐकू येत नाही, पण दिसतं.

काका उंबऱ्यात बसले. चपला पायातच होत्या. तिनं डबा घेतला, केस बांधले आणि त्यांच्या बाजूनं, त्यांना धक्का लागू नये अशी अंग चोरून, बाहेर पडली. ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. हाक मारून उपयोग नव्हता. कूलरवाल्या भावांनी दुकान उघडलं, पहिला ठोका पडला. मग काकाही उठले आणि ऐरणीपुढे जाऊन बसले.